लॅपटॉपचा बॅकअप: फुल कधी, इन्क्रिमेंटल कधी

लॅपटॉपचा पहिला फुल बॅकअप, म्हणजे सगळ्या डेटाची पूर्ण कॉपी, घरच्या नेटवर्कवरच्या डिस्कवर घेताना वायफायवर लावू नका राव, सरळ लॅन केबल जोडा. हिशोब बघा, २०० जीबी डेटा आहे आणि वायफायवर खरा स्पीड सेकंदाला २० एमबी मिळतोय तर पावणेतीन तास जातात, तेच गिगाबिट केबलवर ११० च्या आसपास मिळाला की अर्ध्या तासात काम उरकतं. तेवढा वेळ चार्जर लावून ठेवा आणि स्लीप बंद करा, मधेच झोपला तर बोंबला. नंतरचे रोजचे इन्क्रिमेंटल फक्त बदललेलं तेवढंच उचलतात, ते वायफायवर आरामात होतात.

पण एक गोम आहे, रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणताना, फुल आणि त्यानंतरचे सगळे इन्क्रिमेंटल ओळीने लागतात, मधला एक जरी खराब निघाला तर त्याच्या पुढचे गेले समजा. म्हणून मी साखळी लांबू देत नाही, महिन्याला एक फुल, मधे रोज इन्क्रिमेंटल. जुना फुल लगेच उडवायचा नाही हां, नवा पूर्ण होऊन त्यातल्या एकदोन फाईली उघडून बघितल्या की मगच. त्यामुळे बॅकअपच्या डिस्कवर दोन फुल मावतील एवढी जागा तरी हवीच, वर इन्क्रिमेंटलसाठी थोडी.