विमान उशिरा आलं? आधी दार कधी उघडलं ते बघा

रोमहून परतताना आमचं पहिलं विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं. एवढ्यावर कुणी भांडत नाही. पण मधल्या विमानतळावर पुढच्या विमानाचं गेट आमच्या डोळ्यांदेखत बंद झालं आणि घरी पोचायला अकरा तास उशीर झाला. नवरा म्हणाला, "जाऊ दे, सुट्टी छान झाली ना?" माझा जन्म लोकांची बिलं तपासण्यात गेलाय, मला 'जाऊ दे' जमत नाही. पाच महिन्यांनी कंपनीकडून आम्हा दोघांचे आणि सासूबाईंचे मिळून भरपाईचे १,८०० युरो आले. ते कसे आले, आणि मधे मी काय माती खाल्ली, ते सांगते.

सगळ्यात आधी कुठला नियम लागू होतो ते बघा. तुमचा पासपोर्ट कुठला याला इथे महत्त्व नाही, विमान कुठून उडालं आणि कंपनी कुठली याला आहे. युरोपीय संघातल्या विमानतळावरून उडालेलं कुठल्याही कंपनीचं विमान २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात बसतं. बाहेरून तिकडे जाताना मात्र कंपनीही तिकडचीच असावी लागते. अंतिम ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर भरपाई अशी: १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, त्यापुढे ३,५०० पर्यंत ४०० आणि त्याहून लांब ६०० (संघाच्या हद्दीतच प्रवास असेल तर कितीही लांब असो, ४०० च). लांबच्या प्रवासात उशीर तीन ते चार तासांचाच असेल, तर ६०० चे निम्मे करायची कंपनीला मुभा आहे. ही रक्कम माणशी असते आणि तिकिटाच्या किमतीशी तिचा संबंध नसतो. ब्रिटनमध्येही जवळपास हाच नियम आहे, रक्कम पौंडात: २२०, ३५०, ५२०.

'अंतिम ठिकाण' हे दोन शब्द नीट वाचा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असतील, तर मोजायचा तो शेवटच्या विमानतळावरचा उशीर. म्हणून आमच्या पन्नास मिनिटांचे अकरा तास झाले. तीच दोन तिकिटं स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी काढली असती, तर हातात भोपळा.

पोचण्याची वेळ म्हणजे चाकं टेकली ती नव्हे, विमानाचं एक तरी दार उघडलं ती. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केलंय. उशीर तीन तासांच्या आसपास असेल तर ही दहा-बारा मिनिटं २५० युरोंची असतात. सगळे उठून डोक्यावरच्या बॅगा ओढत असतात तेव्हा बसल्या जागी उघड्या दाराचा फोटो काढायचा, वेळ फोटोतच नोंदली जाते.

दुसरी गोष्ट कारणाची, आणि खरी लढाई इथेच असते. वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणाची बंदी, पक्षी धडकणं अशा 'असाधारण परिस्थितीत' कंपनी सुटते. नेहमीचा तांत्रिक बिघाड किंवा कंपनीच्याच कर्मचाऱ्यांचा संप त्यात येत नाही. त्यामुळे बिघाडाचं हवामान व्हायला वेळ लागत नाही! काउंटरवर असतानाच विचारा, "उशिराचं कारण लेखी द्याल का?" नाही म्हणाले तर ॲपवरच्या सूचनेचा, फलकाचा फोटो घ्या. मी यातलं काहीच केलं नाही. थकले होते, सासूबाईंना व्हीलचेअर मिळवायच्या मागे होते.

घरी आल्यावर मी तीन पानी पत्र लिहिलं. त्यात सासूबाईंचे गुडघे होते, रात्रभर खुर्चीवर बसणं होतं, कर्मचाऱ्याचा उर्मटपणा होता, सगळं होतं. नव्हता तो फक्त नियमाचा क्रमांक. सहा आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: हवामानामुळे उशीर, क्षमस्व.

मग नवऱ्याला आठवलं. विमान उशिरा सुटतंय हे कळवायला त्याने कंपनीच्या सूचनेचा स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. बारा जणांच्या 'काळजी घ्या' आणि हात जोडलेल्या चित्रांच्या वर तो तसाच होता: 'तांत्रिक कारणामुळे विलंब'. दुसरं पत्र मी सात ओळींत संपवलं. पीएनआर, तारीख, दोन्ही विमानांचे क्रमांक. ठरलेली वेळ, प्रत्यक्ष पोचल्याची वेळ. २६१ क्रमांकाच्या नियमानुसार माणशी ६०० युरो. तुमच्याच सूचनेत कारण तांत्रिक आहे, प्रत सोबत. हवामान म्हणत असाल तर पुरावा द्या. व्हाउचर नको, पैसे बँकेत हवेत. शेवटी खाते क्रमांक. असाधारण परिस्थिती सिद्ध करायची जबाबदारी कंपनीचीच असते, तेव्हा 'पुरावा द्या' हे बिनधास्त लिहायचं. आणि तुमची लेखी संमती नसेल तर व्हाउचर गळ्यात मारता येत नाही.

बोर्डिंग पासही लागले. आमच्या दोघांचे कधीच कचऱ्यात गेले होते, सासूबाईंचा चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलेला सापडला. आमच्यासाठी तिकीट आणि बॅगेचे टॅग चालले. दावा मात्र तिघांचा तीन नावांनी, सासूबाईंची सही त्यांचीच.

थांबावं लागतं तेव्हाचं जेवणखाण आणि रात्र काढायची वेळ आली तर हॉटेल हे वेगळं. ते वादळ असलं तरी द्यावंच लागतं आणि घेतल्याने भरपाईचा हक्क जात नाही. दिलं नाही तर स्वतः खर्च करा, बेताचा, आणि पावत्या जपा.

आता वेळ बदलल्याचा मेसेज. सुट्टीच्या तिकिटांचं हे नेहमीचंच: तिकीट काढलेलं असतं सकाळचं, मेसेज येतो रात्रीचा. खाली 'स्वीकारा' असं ठसठशीत बटण असतं. ते लगेच दाबू नका. बदल मोठा असेल तर आधी पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत मागा, 'स्वीकारलं' की ते मागणं अवघड होतं. युरोपात चौदा दिवसांच्या आत कळवून विमान रद्द केलं तर भरपाईचा प्रश्न येतो, आणि विमान एका तासाहून जास्त अलीकडे ओढलं तर तेही रद्द केल्यासारखंच धरतात. तिकीट एजंटकडून काढलं असेल आणि त्याने निरोप पोचवलाच नाही, तर तो दोषही कंपनीच्या अंगावर येतो. मेसेज कुठल्या तारखेला आला ते जपून ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्या तारखेवर चालतो.

भारतात डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे) नियम आहेत आणि त्यांच्याकडून युरोपासारखी अपेक्षा ठेवू नका. नुसत्या उशिराला ठरीव रोख रक्कम नाही. प्रवासाच्या लांबीप्रमाणे दोन ते चार तास उशीर झाला की खाणंपिणं, सहा तासांहून जास्त असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. विमान चोवीस तासांच्या आत कळवून रद्द केलं, तर प्रवासाच्या वेळेनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी ते. अर्थात असाधारण परिस्थितीची पळवाट इथेही आहे. कंपनीने दाद दिली नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार, मग १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत जायचं.

आंतरराष्ट्रीय प्रवासात हे काहीच लागू होत नसेल तर १९९९ चा माँट्रियल करार बघा. त्यात ठरीव रक्कम नाही. उशिरामुळे खरोखर झालेला खर्च मागता येतो, म्हणजे बुडालेलं हॉटेल, नव्याने काढलेलं तिकीट. पावती नसेल तर काही नाही. इथेही मुदत दोन वर्षं.

दावा लढवून देणाऱ्या कंपन्या मिळालेल्या रकमेतला मोठा वाटा घेतात. पहिलं उत्तर नकाराचं आलं म्हणून लगेच त्यांच्याकडे धावू नका, दुसरं पत्र तुम्हीच लिहा. सात ओळींचं.