बदलापूर ते सीएसएमटी पुन्हा कसं जमवलं

घरून काम बंद झालं आणि बदलापूर-सीएसएमटी पुन्हा सुरू झालं. अंतर ६८ किलोमीटर. सुरुवातीला कंबर धरायची, संध्याकाळी मुलीशी धड बोलायचंही त्राण उरायचं नाही.

सगळ्यात जास्त फरक पडला तो गाडी बदलल्याने. कर्जत-खोपोलीहून येणारी लोकल बदलापूरला भरूनच येते. इथूनच सुटणारी, जरा आधीची धरली की बसायला मिळतं. त्यासाठी ऑफिसची वेळ अर्धा तास अलीकडे करून मागितली. मागून बघा, बरेचदा मिळते.

येताना उभं राहावं लागलंच, तर डब्यात शिरल्या शिरल्या "कुठे उतरणार?" विचारून घ्यायचं. "ठाणा" म्हणणाऱ्या ताईंसमोर उभं राहायचं. नंतर दुसरी कुणी विचारायला आली की त्याच सांगतात, "यांना दिलीय सीट." लेडीज डब्यातला हा अलिखित नियम अजून पाळला जातो, याचं मला फार अप्रूप वाटतं. ठाण्यापासून पुढे बसायला मिळणं म्हणजे घरी जाऊन स्वयंपाक करायची ताकद शिल्लक राहणं.

पास तिमाहीच काढा, तीन महिन्यांना २.७ महिन्यांचेच पैसे पडतात. भाजी रात्रीच चिरून ठेवते. गाडीत लॅपटॉप उघडत नाही. जाताना सरळ झोपते. बुधवार मात्र घरून कामासाठी मागून घेतलाय. पाठीला तो हवाच.