गांडूळ की कणीक? आधी पाणी बघा

गळाला काय लावायचं हे मासा कुठला यापेक्षा पाणी कसलं यावर ठरतं. पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडं मलप्रभा नदी लाल गढूळ होऊन वाहते. तिथं गांडूळच लावा. गढूळ पाण्यात माशाला दिसतं कमी, तो वासावर आणि हालचालीवर येतो. शिवाय वाहतं पाणी कणकेची गोळी बघता बघता धुऊन नेतं. हिडकलच्या जलाशयात किंवा गावतळ्यात उन्हाळ्याचं निवळ, थांबलेलं पाणी असलं की कणीक सरस. तिथं गांडूळ लावलं तर बारकी मासळी आणि खेकडे गळ कुरतडून रिकामा करतात.

याला माशांचा अपवाद एकच मोठा: मरळ. तो शिकारी मासा, कणकेकडं ढुंकून बघत नाही. शिंगाळ्यालाही गांडूळच बरं, दोन-तीन एकत्र ओवून. रोहू आणि मृगळ कणकेवर येतात, मृगळ तळाशी आणि रोहू जरा वर. चिलापी (तिलापिया) दोन्ही खाते.

कणीक नीट जमली तरच टिकते, म्हणून तिच्याकडं जास्त लक्ष द्या. दोन वाट्या गव्हाचं पीठ, एक वाटी बारीक कुटलेली शेंगपेंड (शेंगदाण्याचं तेल काढून उरलेला चोथा), चिमूटभर हिंग. पाणी बेतानं घालून घट्ट मळा, फडक्यात बांधून दहा-पंधरा मिनिटं वाफवा आणि कोमट असतानाच पुन्हा मळा. या मळणीत थोडा कापूस पिंजून घाला, त्याच्या तंतूंमुळं गोळी गळाला धरून राहते. घरात भाकरीचं पीठ हाताशी असतं म्हणून ज्वारीचं वापरू नका. त्याला गव्हासारखा चिवटपणा नाही, पाण्यात पडताच विरघळतं. पेंडही निम्म्याहून जास्त झाली की गोळी भुगा होते. चिलापीला वाटाण्याएवढी गोळी, रोहूला छोट्या बोराएवढी. गळाचं टोक किंचित बाहेर राहू द्या. पूर्ण झाकलं तर मासा गोळी ओढतो आणि गळ लागतच नाही. दर दहा मिनिटांनी गोळी बदला.

गांडुळं उकिरड्याच्या कडेला किंवा न्हाणीच्या पाण्याच्या ओलीत मिळतात. ओली माती आणि पाला घालून मडक्यात, सावलीत ठेवा. बंद प्लास्टिकच्या डब्यात उन्हात ठेवली तर तासाभरात मरून घाण सुटते. चिलापीसाठी तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा पुरे. गळात ओवून शेपटी जेमतेम एक सेंटिमीटर मोकळी सोडा. तरंगा (चावा कळावा म्हणून दोऱ्याला बांधलेला तरंगता तुकडा) सारखा टिकटिकतोय पण मासा लागत नाही, तर शेपटी लांब राहिली आहे, ती कापा. तरंगा हळूहळू एका बाजूला सरकत असेल तर बहुतेक खेकडा आहे. आमिष तळापासून वीतभर वर घ्या.

गळही दोघांना वेगळा लागतो. गांडुळाला लांब दांडीचा, कणकेला आखूड दांडीचा. चिलापीला ८ ते १० नंबर, रोहूला ४ ते ६ (नंबर जितका मोठा तितका गळ लहान). दोरा चिलापीला ०.२० ते ०.२५ मिलिमीटर, रोहूला ०.३५. तरंगा म्हणून ज्वारीच्या ताटाचा गाभा उत्तम, हलका चावाही दाखवतो. शिसं इतकंच लावा की तरंग्याचं टोक वर राहील. जास्त वजन झालं की माशाला ओढ जाणवते आणि तो आमिष सोडतो.

कणीक लावणार असाल तर बसण्याआधी पेंड आणि कोंडा मिसळून दोन मुठी एकाच जागी टाका. त्याहून जास्त नको, पोट भरलेला मासा गळाकडं येत नाही.

जलाशय आणि तळी बऱ्याचदा ठेक्यानं दिलेली असतात, म्हणून आधी विचारून घ्या. धरणाच्या खालच्या पात्रात उतरू नका, पाणी सोडलं की वर चढायला वेळ मिळत नाही. शिंगाळा काढताना पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांपासून बोटं सांभाळा, जखम बराच वेळ ठणकते. आणि जिवंत चिलापी दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडू नका. १९५२ साली भारतात आणलेला हा आफ्रिकेतला मासा, मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळं तो झपाट्यानं वाढतो आणि देशी माशांची जागा बळकावतो.