केंब्रिज बे येथे नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी: पहिल्या हिवाळ्यात एक दिवस अग्निशमन दलासोबत

कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशातल्या केंब्रिज बे या गावी नोकरीसाठी येण्याचे नक्की झाले की मराठी माणूस आधी थंडीच्या कोटाविषयी विचारतो आणि मग तूरडाळ व मसाल्यांविषयी. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कोट यलोनाइफ शहरात घ्यावा, डाळ आणि मसाले सामानातून आणावेत, एवढे उत्तर त्यांना पुरते. इथे माझा हा नववा हिवाळा आहे आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून आणखी एक गोष्ट सांगत आलो आहे: पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाकडे जाऊन त्यांच्याबरोबर एक पूर्ण दिवस घालवा. पुढे दलात सामील व्हायचे की नाही हे नंतर ठरवता येईल, परंतु या प्रदेशात घर कसे सांभाळायचे हे त्या एका दिवसात जेवढे कळते तेवढे कोणत्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

त्याचे कारण भूगोलात आहे. हे गाव व्हिक्टोरिया बेटावर, ६९ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असून २०२१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १,७६० होती. बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. यलोनाइफ हे मोठे शहर विमानाने सुमारे ८५० किलोमीटर दूर आहे आणि जड सामान उन्हाळ्याच्या अखेरीस समुद्र मोकळा झाल्यावर जहाजाने येते. पुण्यात एखादी आग आटोक्याबाहेर गेली तर पिंपरी-चिंचवडचे बंब मदतीला धावतात. इथे गावाबाहेरून एकही बंब येऊ शकत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये नुनावुतची राजधानी इकालुइट येथे एका मोठ्या दुकानाचे गोदाम जळाले, तेव्हा आगीबरोबरच गावाच्या हिवाळ्यातील अन्नसाठ्याची चिंता उभी राहिली, कारण जहाजाचा हंगाम सरत आला होता. नुनावुतमधील २५ वस्त्यांपैकी बहुतेक ठिकाणी अग्निशमनाची जबाबदारी गावातील स्वयंसेवकांवरच असते. जो माणूस सकाळी तुमच्या घरच्या टाकीत पाणी भरून जातो किंवा दुकानात तुमच्या सामानाची पावती करतो, तोच रात्री तुमच्या दारात होज, म्हणजे आग विझवण्याची नळी, घेऊन उभा राहण्याची शक्यता असते, आणि आपण या गावात राहायला आलो याचा अर्थ आपणही त्या मोजक्या हातांपैकी एक झालो असा आहे.

दलाकडे जाण्यासाठी फार खटपट करावी लागत नाही. नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन दलप्रमुखांना भेटावे, आपण नवीन आहोत आणि सरावाच्या दिवशी मदत करण्याची इच्छा आहे असे सरळ सांगावे. पहिल्या दिवशी तुम्हाला आगीजवळ कोणी नेणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. सामान उचलणे, बर्फ उपसणे, नोंदी करणे, गरम पाणी पोहोचवणे ही कामे वाट्याला येतील. ती मनापासून करावीत, कारण खऱ्या आगीच्या वेळी ही कामे करणारी माणसे कमी पडली तर पुढे लढणाऱ्यांना मागे फिरावे लागते.

कपड्यांविषयी मात्र सविस्तर सांगणे आवश्यक आहे. आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असावा. सुती बनियन आणि सुती मोजे घरीच ठेवावेत, कारण सुती कापड घाम धरून ठेवते आणि श्रम थांबताच तोच घाम अंगाला गारठवतो. मोज्यांचे दोन जोड एकावर एक चढवून बूट घट्ट करण्यापेक्षा एकच जाड जोड घालून बुटात हवा खेळण्यास जागा ठेवावी. कानातले, नथ, अंगठी, मंगळसूत्र अशा धातूच्या वस्तू त्या दिवसापुरत्या काढून ठेवाव्यात, कारण धातू त्वचेची ऊब झपाट्याने शोषून घेतो. ज्यांना पुढे धुरात शिरताना लावायचे श्वसनयंत्र वापरण्याचे प्रशिक्षण घ्यायचे असेल त्यांनी हे आधीच जाणून घ्यावे की मुखवटा चेहऱ्यावर हवाबंद बसण्यासाठी दाढी काढावी लागते आणि नेहमीच्या चष्म्याच्या काड्याही त्यात चालत नाहीत. चष्मा असणाऱ्यांसाठी मुखवट्याच्या आत बसणारी वेगळी चौकट मिळते. दाढी ज्यांच्यासाठी श्रद्धेचा किंवा मनाचा विषय आहे त्यांनी संकोच न करता तसे सांगावे. बंब चालवणे, पंप सांभाळणे, पाण्याची ने-आण, संदेशवहन अशी मुखवट्याविना करता येणारी आणि तितकीच गरजेची कामे भरपूर आहेत.

मी पहिल्यांदा गेलो तो फेब्रुवारीतील शनिवार होता. तापमान उणे ३६ अंश होते आणि ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यामुळे ते उणे ५१ असल्यासारखे जाणवत होते. अशा वाऱ्यात उघडी त्वचा दोन ते पाच मिनिटांत गोठू शकते, म्हणून बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येकाने दुसऱ्याचा चेहरा पाहून कुठे कातडी उघडी राहिली आहे का हे तपासायचे, हा तिथला पहिला नियम मला शिकवण्यात आला. नाकावर किंवा गालावर पांढरा डाग दिसू लागला तर तो ज्याच्या चेहऱ्यावर आहे त्याला कळत नाही, कारण तो भाग बधिर झालेला असतो. तो समोरच्याने पाहावा लागतो. घरातील मुले शाळेला निघताना मी आजही हेच करतो.

सकाळचा वेळ बंबघरात गेला. ही इमारत दिवसरात्र उबदार ठेवलेली असते आणि ती ऊब माणसांइतकीच बंबातील पाण्यासाठी असते. पंप, झडपा आणि जोडनळ्या यांत कुठे थोडेसे पाणी साचून राहिले तर बाहेर पडल्यावर त्याचा बर्फ होतो, बर्फ होताना पाणी प्रसरण पावते आणि ओतीव धातूलाही तडा जातो. त्यामुळे प्रत्येक वापरानंतर पाणी काढून टाकण्याच्या छोट्या तोट्या एकेक करून उघडणे आणि सर्व कोरडे झाल्याची खात्री करणे हे काम अत्यंत शिस्तीने केले जाते. माझ्याबरोबरच्या ज्येष्ठ इनुइट (इथले मूळ रहिवासी) सदस्यांनी कोणतेही भाषण न देता प्रत्येक तोटीवर माझा हात ठेवून ती उघडायला लावली. इथे शिकवण्याची रीत बहुतांशी अशीच आहे: आधी पाहा, मग करा, आणि प्रश्न विचारण्यापूर्वी थोडे थांबा. काम झाल्यावर ‘क्वाना’, म्हणजे इनुइन्नाक्तुन भाषेत ‘आभारी आहे’, एवढे म्हटले तरी संबंध जुळतो.

दुपारच्या आधी बाहेर पाण्याचा सराव झाला, आणि या भागाकडे नवीन माणसाने सर्वाधिक लक्ष द्यावे. आपल्या शहरांप्रमाणे इथे रस्त्याकडेला बंबांना पाणी देणारे नळखांब (हायड्रंट) नाहीत. जमीन कायमची गोठलेली असल्यामुळे घरे खांबांवर उभी आहेत आणि पाणी गाडीने घरोघरी टाकीत भरले जाते. आगीच्या वेळी हेच पाणी गाड्यांनी आणून घडीच्या मोठ्या हौदात ओतायचे, पंपाने त्यातून उपसायचे आणि रिकामी गाडी पुन्हा भरायला पाठवायची, अशी साखळी चालवावी लागते. एका गाडीला उशीर झाला की हौद रिकामा होतो, पाणी थांबते, आणि पाणी थांबणे ही या थंडीत सर्वांत मोठी आपत्ती आहे. वाहते पाणी टिकते, थांबलेले पाणी होजमध्येच गोठते. त्यामुळे नोझल कधीही पूर्ण बंद करायचे नाही, फवारा नको असेल तेव्हाही थोडी धार सोडून ठेवायची, असा नियम आहे.

हा नियम मला सांगितलेला होता, तरीही माझ्याकडून चूक झाली. मी मराठवाड्यात वाढलो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात पाण्याची धार मोकळी सोडणे हा अपराध मानला जाई, आणि ती सवय हातात इतकी भिनलेली होती की सरावात क्षणभर थांबायचे आहे असे कळताच मी नोझल पूर्ण बंद केले. काही मिनिटांत ती होज लाकडाच्या ओंडक्यासारखी कडक झाली. गोठलेली होज गुंडाळता येत नाही आणि जोर लावून वाकवली तर आतून फाटते, म्हणून चौघांनी ती तशीच सपाट गाडीवर चढवून वितळण्यासाठी बंबघरात नेली आणि त्या दिवसाचा उरलेला पाण्याचा सराव रद्द झाला. कोणी रागावले नाही, परंतु खऱ्या आगीत त्या क्षणी आत माणूस असता तर काय झाले असते, हे मला कोणी सांगण्याची गरज उरली नाही.

श्वसनयंत्रे मी फक्त पाहिली. मुखवट्यातून बाहेर पडणाऱ्या श्वासातील ओलावा झडपेवर गोठून ती अडकू शकते, म्हणून मुखवटा आत जाण्याच्या क्षणापर्यंत कोटाच्या आत, छातीजवळ ऊब लागेल असा ठेवतात. आगीतून बाहेर आलेल्या माणसाचे कपडे घामाने आणि पाण्याने ओले असतात आणि वाऱ्यात येताच चिलखतासारखे ताठ होतात. त्याला उभे राहून बोलत बसू न देता लगेच तापवलेल्या वाहनात नेणे, कोरडे मोजे-हातमोजे देणे आणि त्याच्या जागी दुसरा पाठवणे ही अदलाबदल फार लवकर करावी लागते. तुमच्यासारख्या नव्या माणसाला हे काम पहिल्याच दिवशी देता येते आणि ते बारकाईने केले तर दल तुम्हाला लक्षात ठेवते.

दुपारी दोन ज्येष्ठ सदस्यांबरोबर मी गावातून फिरलो. आदल्या आठवड्यातील हिमवादळाने अनेक घरांची मागची दारे बर्फाच्या ढिगाऱ्याखाली गेली होती, आणि आम्ही वृद्धांच्या घरांपासून सुरुवात करून ती मोकळी केली. मुख्य दाराशी आग लागली तर मागचे दार हाच एकमेव मार्ग असतो, आणि बाहेरून वाऱ्याने दाबून बसवलेला बर्फ आतून ढकलून हलत नाही. वादळ थांबले की चहा टाकण्यापूर्वी दोन्ही दारे आणि घर तापवणाऱ्या भट्टीच्या धुराचे व हवेचे बाहेरील तोंड मोकळे करावे. ते तोंड बुजले तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. त्यासाठीच्या इशारायंत्राचा आवाज कसा असतो हे मुलांनाही ऐकवून ठेवावे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येतो, कारण मराठी घरांत मी वारंवार पाहिलेली धोक्याची गोष्ट तिथे आहे. इथली घरे थंडीसाठी घट्ट बंद केलेली असतात, त्यामुळे मिरची-मोहरीच्या फोडणीने धूरसूचक यंत्र वाजू लागते आणि कंटाळून कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवते. कृपा करून असे कधीही करू नका. फोडणी देताना धूर ओढणारा पंखा आधी सुरू करा, तेल धुरकट होण्याच्या आधी मोहरी टाका, आणि यंत्र तरीही वाजतच राहिले तर घरमालकाला सांगून ते योग्य जागी हलवून घ्या. कढईतील तेलाने पेट घेतला तर गॅस किंवा वीज बंद करून झाकण ठेवायचे. पाणी ओतायचे नाही आणि पेटती कढई बाहेर बर्फात टाकण्यासाठी उचलायचीही नाही. हिवाळ्यात घरातील हवा इतकी कोरडी असते की पडदे, पुठ्ठे आणि लाकूड लगेच पेटते, म्हणून समई किंवा निरांजन लावून खोली सोडू नये. दिव्याविषयीची आपली भावना इथे कोणी कमी लेखत नाही. इनुइट घरात सीलच्या चरबीवर जळणारा कुल्लिक हा दगडी दिवा पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी सांभाळला, आणि त्या दिव्याजवळ सतत कोणीतरी बसून वात सारखी करत असे. आपणही दिव्याजवळ बसावे.

आणखी दोन सवयी इथे येताच लावून घ्याव्यात. गोठलेला नळ किंवा सांडपाण्याची नळी ज्योतीने तापवू नये, कारण भिंतीतील ऊबरोधक आत पेटला तर बाहेरून दिसत नाही. त्यासाठी नगरपालिकेला किंवा घरमालकाला फोन करावा. गाडीचे इंजिन उबदार ठेवण्यासाठी लावलेली विजेची वायर अतिथंडीसाठी बनवलेलीच असावी, कारण साध्या वायरचे वेष्टन या तापमानात तडकते.

दलात राहायचे ठरवलेत तर काही गोष्टी आधी तपासून घ्या. पोलीस पडताळणी आणि प्रशिक्षण लागते. तुम्ही एका विशिष्ट मालकापुरत्या परवान्यावर काम करत असाल तर दलाकडून मिळणारे मानधन स्वीकारण्यापूर्वी परवान्याच्या अटींविषयी लेखी विचारणा करा. वर्षाला किमान २०० तास पात्र सेवा देणाऱ्या स्वयंसेवी अग्निशामकांना कॅनडाच्या प्राप्तिकरात सवलत मिळते, आणि तिचा आधार धरली जाणारी रक्कम २०२४ पासून ३,००० वरून ६,००० डॉलर झाली आहे, म्हणून तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. घरातील सर्वांशी बोलून घ्या, कारण बोलावणे जेवताना आणि पहाटेही येते. कॅनडात सर्वत्र ९११ लागतो असे गृहीत धरू नका. गावाचा आपत्कालीन क्रमांक आणि आपल्या घराचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा आणि मुलांकडून ते इंग्रजीत म्हणून घ्या.

जमल्यास हिवाळ्यासाठी सूर्य दिसेनासा होण्यापूर्वी, म्हणजे ऑक्टोबरात जा. नोव्हेंबरच्या अखेरीस गेलेला सूर्य जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास परततो, आणि मधल्या काळातील काम दिव्यांच्या उजेडात करावे लागते, ज्यात बर्फाने झाकलेली होज आणि पायरी ओळखणे नवख्याला अवघड जाते. फावडे दलाकडे असते. हातमोज्यांचे दोन जोड मात्र स्वतःचे न्या आणि त्यांपैकी एक कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, कारण पहिला जोड दुपारपर्यंत ओला झालेला असतो.