लाइन गेली तरी मॅच सुटू नये: गावातल्या घरात टीव्ही रेकॉर्डिंग कसं लावायचं

रब्बीत रात्रीच्या पाळीची लाइन असली की घरातली माणसं हरभऱ्याला पाणी ओलायला वावरात असतात, नाहीतर रानडुकरांपायी जागलीवर असतात, आणि मॅच तिकडं घरी चालू. सह्याद्रीवरचा शेतीचा कार्यक्रमही नेमका आपण बाहेर असतानाच लागते. म्हणून रेकॉर्डिंगची खरी गरज शहरापेक्षा आपल्याला जास्त आहे असं मी ठामपणे म्हणतो. फक्त दुकानदार जे दाखवते ते पाहून घेऊ नका, कारण तो एचडी, रिमोट, डबा दाखवते आणि मेन गोष्ट कोणी सांगतच नाही, की लाइन जाऊन परत आली तर हा सेट-टॉप बॉक्स आपल्या आपण चालू होऊन रेकॉर्डिंग पुढं करते का.

हे दुकानातच तपासा भाऊ. पाच मिनिटांनंतरचा टायमर लावायला सांगा, मंग प्लग काढा, थोड्या वेळानं परत लावा आणि रिमोटला हात न लावता बघा. टायमर पुसला गेला किंवा बॉक्स नुसता लाल लाइट दाखवत बसला तर तो आपल्या कामाचा नाही, कितीही स्वस्त असू दे. आणखी एक, साध्या बॉक्सची घड्याळ सेटिंग बरेचदा परदेशी टाइमवर असते, त्यात टाइम झोन अधिक 5:30 केलं नाही तर रात्री 8 चा कार्यक्रम लावला तरी भलत्याच वेळेचं रेकॉर्ड होते आणि लोक म्हणतात बॉक्स खराब आहे.

आता कोणता बॉक्स. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही आणि चॅनल बहुतेक खुले असतात, त्यामुळं पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करणाऱ्या साध्या एमपीईजी-4 (चॅनल दाबून पाठवायची एक पद्धत) बॉक्समध्ये जे रेकॉर्ड होते ती सहसा साधी टीएस नावाची व्हिडिओ फाइल असते, कोणत्याही लॅपटॉपवर व्हीएलसी या फुकटच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालते. पैसेवाल्या डीटीएचच्या रेकॉर्डिंग बॉक्सचं तसं नाही, तिथं रेकॉर्डिंगला कुलूप असते, ते त्याच बॉक्सवर दिसते, बॉक्स जळला की साठवलेलं सगळं गेलं. म्हणून घ्यायच्या आधी हे विचाराच, की फाइल दुसरीकडं चालते का. माझ्या मते जे रेकॉर्डिंग दुसऱ्या खोलीत नेता येत नाही त्याला आपलं म्हणताच येत नाही.

जागेचा हिशोब असा की साध्या चॅनलला तासाला साधारण 1 ते दीड जीबी लागते, एचडीला 3-4 जीबी धरून चाला. पेन ड्राइव्ह फॅट32 मध्ये (फाइल साठवायची एक जुनी पद्धत) फॉरमॅट असला तर एक फाइल 4 जीबीच्या वर जातच नाही, काही बॉक्स तिथं दुसरी फाइल सुरू करतात पण काही सरळ बंद पडतात, आणि वीस ओव्हरची मॅच साडेतीन तासाची म्हणजे शेवटच्या ओव्हर गायब होऊ शकतात. बॉक्स एनटीएफएस ही दुसरी पद्धत वाचत असन तर त्याच्यातच फॉरमॅट करा. मोठी पोर्टेबल हार्ड डिस्क लावली आणि बॉक्स सारखा बंद-चालू होऊन राहिला तर बहुतेक डिस्कला करंट कमी पडून राहिला असते, तेव्हा वेगळ्या अडॅप्टरचा यूएसबी हब मधात लावा.

लाइनचा इलाज तसा सोपा आहे. बॉक्सचा अडॅप्टर 12 व्होल्टचा असला तर वायफाय राउटरला लावतात तो मिनी यूपीएस चालते, फक्त अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा, पिन बसते का पाहा, आणि 5 व्होल्टच्या बॉक्सला चुकूनही लावू नका. टीव्ही बंद असला तरी रेकॉर्डिंग होते, त्यामुळं इन्व्हर्टर पायजेच असं काही नाही.

एक चॅनल रेकॉर्ड करताना दुसरा पाहायचा असन तर एकाच ट्यूनरच्या (चॅनल पकडणारा भाग) बॉक्समध्ये तो त्याच ट्रान्सपॉन्डरवरचा, म्हणजे उपग्रहावरून एकाच फ्रिक्वेन्सीवर एकत्र येणाऱ्या चॅनलपैकी असला तरच दिसते. आजीची मालिका आणि पोरांची मॅच एकाच टाइमला असली की घरात भांडण ठरलेलं, त्यापेक्षा डिशवर ट्विन एलएनबी (डिशच्या पुढं बसणारा, सिग्नल पकडणारा, दोन केबल निघणारा तुकडा) बसवा, दोन वेगळ्या केबल ओढा आणि दोन बॉक्स ठेवा. एका केबलला स्प्लिटर मारून दोन बॉक्स चालवायला जाऊ नका, दोघं एलएनबीला वेगवेगळे व्होल्ट पाठवतात आणि कधी एकाचं चॅनल जाते तर कधी दुसऱ्याचं.

आता पूर्ण घरात दाखवायचं म्हणजे बैठकीत रेकॉर्ड केलेलं सपरीत, माजघरात, मोबाइलवर दिसलं पायजे. त्यासाठी महागाचं काही घेऊ नका, पोराचा जुना लॅपटॉप काढा. त्यात जेलीफिन टाका, हे लॅपटॉपवरचे व्हिडिओ घरातल्या टीव्ही-मोबाइलवर दाखवणारं सॉफ्टवेअर आहे आणि फुकट आहे, 2018 मध्ये एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरपासून वेगळं झालेलं. लॅपटॉपचं झाकण लावलं तरी तो झोपू नये अशी सेटिंग करा, पेन ड्राइव्हवरच्या फाइल एका फोल्डरमध्ये टाका, तेच फोल्डर जेलीफिनला दाखवा, मंग अँड्रॉइड टीव्हीवर आणि मोबाइलवर त्याचं अॅप घ्या. एकदा हे बसलं की पाहायला इंटरनेट लागत नाही, राउटर चालू असला की झालं, आणि गावात नेट दोन-दोन दिवस गायब राहते तिथं हीच सगळ्यात मोठी सोय आहे. लॅपटॉपची बॅटरी चांगली असन तर लाइन गेली तरी तो थोडा वेळ चालते. दूरदर्शनचं जुन्या पद्धतीचं चित्र लॅपटॉपवर हलताना आडव्या रेघा दिसल्या तर व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस (या रेघा घालवायची सेटिंग) चालू करा, लगेच साफ होते.

वायफाय मातीच्या जाड भिंतीतून आणि टिनाच्या पत्र्यातून नीट जात नाही, 5 गीगाहर्ट्झ तर अजिबातच नाही, म्हणून लांबच्या खोलीत 2.4 वर ठेवा किंवा सरळ लॅन केबल टाका, 100 मीटरपर्यंत चालते. उघड्यावरून दुसऱ्या घरात केबल नेली असन तर मृगात विजा सुरू झाल्या की ती आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवायच्या, वादळ डोक्यावर यायच्या आधीच.

आणि जेलीफिनमध्ये सगळ्यांचं वेगळं खातं करा, म्हणजे आजीनं मालिका जिथं सोडली तिथूनच तिला उद्या दिसते, पोरांनी मधात काहीही लावलं तरी.