सशांच्या गवताला बुरशी धरत होती, ती अशी थांबली

लक्षण असं: गवत आणून आठ-दहा दिवस झाले की कुबट वास, मधल्या थरात करडी पूड, मूठ उचलली की धुरळा. दोन्ही ससे तोंड फिरवायचे. आम्ही कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला तळमजल्यावर राहतो; पावसाळ्यात भिंतींना ओल ठरलेलीच.

आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधलं, आतून घाम सुटला. झाकणाच्या डब्यात तेच. उघडीप बघून गच्चीवर कडक उन्हात टाकलं, तर रंग आणि वास दोन्ही उडाले. तीनदा गवत फेकलं, डोकं फिरायची वेळ आली.

आई म्हणाली, "गावाकडं वैरणीची गंजी जमिनीवर टेकवतात का कधी?" तिथं डोक्यात प्रकाश पडला.

आता आणल्या दिवशी गवत चादरीवर पातळ पसरून रात्रभर पंख्याखाली. सकाळी मुठीत चुरगाळायचं: खुसखुसलं तर ठीक, गार किंवा लवचिक लागलं तर आणखी एक रात्र. मग सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरायचं, दाबायचं नाही. अभ्रा दोन विटांवरच्या फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब. कुकरच्या वाफेपासून आणि देवघरातल्या दिव्यापासूनही दूर. नवं गवत जुन्यावर ओतायचं नाही, त्याला दुसरा अभ्रा. आणि बुरशी दिसली तर निवडत बसू नका, सगळं टाका. ती पूड सशांच्या श्वासात जाते.

जुलै-ऑगस्ट पार पडले. तळाची मूठसुद्धा हिरवट, गोडसर वासाची निघाली. एका अभ्र्याला उंदरानं भोक पाडलंय, म्हणून तो आता हुकाला टांगलाय.