लॉगिनच्या पडद्यावर भलत्याच भाषेचा कीबोर्ड आला असेल तर

पासवर्ड अचूक आठवत असतो, बोटे सवयीने योग्य त्याच कळांवर पडत असतात आणि तरीही संगणक ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असे पुन्हापुन्हा सांगतो. अशा वेळी पासवर्ड बदलण्याच्या खटपटीला लागण्यापूर्वी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याकडे पाहावे. विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन्हींत, संगणकावर एकापेक्षा अधिक कीबोर्ड बसवलेले असतील, तर तेथे चालू भाषेची खूण दिसते. ती ‘ईएनजी’ऐवजी मराठीची किंवा हिंदीची असेल, तर बिघाड तेथेच आहे.

ही चूक लवकर लक्षात येत नाही, कारण पासवर्डच्या चौकटीत केवळ ठिपके उमटतात. समजा, कोणी ‘पुणे’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत पासवर्ड म्हणून ठेवला आहे (ठेवू नये, पण उदाहरणापुरता धरू). मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या प्रमाण मांडणीचा) कीबोर्ड चालू असताना त्याच चार कळा दाबल्या, तर पीच्या जागी ज, यूच्या जागी ह, एनच्या जागी ल आणि ईच्या जागी काना येतो, म्हणजे संगणकाला ‘जहला’ असे मिळते. ठिपके दोन्ही वेळा चारच. विंडोज पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही; त्यातील अक्षरांवरून तयार झालेला एक सांकेतिक ठसा साठवते आणि प्रत्येक वेळी नव्या ठशाशी तो ताडून पाहते. आपण कोणती कळ दाबली याच्याशी त्याला कर्तव्य नसते, कोणते अक्षर उमटले याच्याशीच असते.

तात्पुरता उपाय सोपा आहे. विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेस बार दाबावा, म्हणजे पुढचा कीबोर्ड निवडला जातो. कोपऱ्यातील खुणेवर क्लिक केल्यास सगळ्या कीबोर्डांची यादी पूर्ण नावांसह उघडते आणि तिच्यातून इंग्रजी निवडता येते. डावी ऑल्ट आणि शिफ्ट या कळा एकत्र दाबल्यानेही बहुतेक संगणकांवर भाषा बदलते. खरे तर हा सगळा घोटाळा अनेकदा याच जोडीमुळे, नकळत बोट लागून, झालेला असतो. भाषा बदलल्यावर चौकटीत आधी उमटलेले ठिपके पूर्ण पुसावेत आणि मगच पासवर्ड नव्याने टाइप करावा. चौकटीच्या कडेला डोळ्याचे चिन्ह येत असेल आणि मागे कोणी उभे नसेल, तर ते दाबून धरून काय उमटले आहे ते पाहणे सर्वांत खात्रीचे. घाईने दहा-बारा वेळा प्रयत्न मात्र करू नयेत. विंडोज ११ च्या २२एच२ या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांवर दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते दहा मिनिटे बंद राहते, आणि त्या दहा मिनिटांत बरोबर पासवर्डही स्वीकारला जात नाही.

खूण इंग्रजीची असूनही पासवर्ड लागत नसेल, तर इंग्रजीचेच दोन प्रकार एकमेकांत मिसळले असण्याची शक्यता मोठी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक संगणकांच्या कळांवर अमेरिकी मांडणी छापलेली असते. विंडोज बसवताना कोणी ब्रिटिश इंग्रजी निवडले असेल, तर अक्षरे आणि अंक बरोबर येतात, पण पासवर्डमध्ये हमखास वापरली जाणारी चिन्हे बदलतात. शिफ्ट आणि दोन दाबल्यावर ॲटच्या चिन्हाऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह उमटते, शिफ्ट आणि तीनवर हॅशऐवजी पौंडाचे चिन्ह येते. ॲटचे चिन्ह एंटरच्या डावीकडील अवतरणचिन्हाच्या कळेवर गेलेले असते आणि हॅश एंटरच्या वरच्या उलट्या तिरप्या रेघेच्या कळेवर सापडतो. जर्मनीत घेतलेला लॅपटॉप घेऊन आलेल्यांना वाय आणि झेड यांची अदलाबदल झालेली दिसेल, आणि ॲटसाठी उजवी ऑल्ट व क्यू एकत्र दाबावे लागेल. फ्रेंच मांडणीत तर ए आणि क्यू एकमेकांच्या जागी असतात आणि अंकांसाठी शिफ्ट धरावी लागते.

नेमकी कोणती मांडणी चालू आहे हे ओळखण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्याच कोपऱ्यातील ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड उघडणे. त्याच्या कळांवर चालू मांडणीचीच अक्षरे दिसतात. मांडणी रोमन असेल, तर माउसने हव्या त्या अक्षरांवर क्लिक करून पासवर्ड पुरा करता येतो. एखादेच चिन्ह सापडत नसेल, तर नम लॉक चालू करून ऑल्ट धरावी आणि उजवीकडील अंकांच्या कळांवर ६४ टाइप करून ऑल्ट सोडावी, म्हणजे ॲटचे चिन्ह उमटते, हॅशसाठी ३५. बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखून आत जाण्याची सोय आधीच करून ठेवलेली असेल, तर कीबोर्डचा प्रश्नच उरत नाही. आत जाऊन पुढील दुरुस्ती करता येते.

आत शिरल्यावर बरेच जण टास्कबारवर इंग्रजी निवडतात, काम झाले असे समजतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेथेच अडकतात. याचे कारण असे की, लॉगिनचा पडदा हा आपल्या खात्याचा भाग नसतो. कोणीही आत येण्यापूर्वी तो दाखवायचा असल्यामुळे विंडोज त्याच्या भाषेची आणि कीबोर्डची नोंद वेगळी ठेवते, आणि आपल्या खात्यात केलेला बदल तेथे आपोआप पोहोचत नाही. तो मुद्दाम पोहोचवावा लागतो.

त्यासाठी आधी आपल्या खात्यातील क्रम नीट करावा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि तेथून, विंडोज ११ मध्ये ‘लँग्वेज अँड रीजन’, तर विंडोज १० मध्ये ‘लँग्वेज’ हा भाग उघडावा, पसंतीच्या भाषांच्या यादीत इंग्रजी सर्वांत वर न्यावी आणि नको असलेल्या भाषा व कीबोर्ड काढून टाकावेत. मराठी टंकनासाठी लागत असेल, तर ती खाली राहू द्यावी. ती काढण्याची गरज नाही. मग त्याच भागातील ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्ज’ या दुव्यावर क्लिक केल्यास जुन्या धाटणीची एक खिडकी उघडते. तिच्यातील ‘कॉपी सेटिंग्ज’ हे बटण दाबल्यावर सध्याचे खाते, लॉगिनचा पडदा आणि नवी खाती या तिघांची भाषा व कीबोर्ड स्वतंत्रपणे दिसतात, आणि बिघाडाचे मूळ येथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. खाली ‘वेलकम स्क्रीन अँड सिस्टिम अकाउंट्स’ या ओळीपुढे खूण करावी, ओके करावे आणि संगणक रीस्टार्ट करावा. ‘न्यू यूजर अकाउंट्स’पुढील खूण संगणकावर आणखी खाती उघडायची असतील तरच उपयोगी. या कृतीसाठी ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो, आणि कीबोर्डबरोबर तारखेची मांडणी व दिसण्याची भाषाही लॉगिनच्या पडद्याकडे जाते, हे लक्षात असू द्यावे.

ऑल्ट आणि शिफ्टची जोडी पुन्हा त्रास देऊ नये असे वाटत असेल, तर ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’मधील ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’ येथे जाऊन ‘चेंज की सीक्वेन्स’मध्ये ‘नॉट असाइन्ड’ निवडावे. विंडोज आणि स्पेस ही जोडी त्यानंतरही चालते, आणि माझ्या मते तेवढी पुरेशी आहे.

यादीत कोठेही नसलेला कीबोर्ड कोपऱ्यात दिसत राहतो, असेही घडते. त्यावर जरा विचित्र वाटणारा पण बहुधा लागू पडणारा उपाय असा की, ती भाषा आधी मुद्दाम जोडावी आणि मग काढून टाकावी. त्यानेही भागले नाही, तरच रजिस्ट्रीकडे, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीकडे, वळावे. ‘एचकी यूजर्स’, त्यात टिंबाने सुरू होणारे ‘डिफॉल्ट’, मग ‘कीबोर्ड लेआउट’ आणि ‘प्रीलोड’ या क्रमाने गेल्यावर १, २ अशा नावांच्या नोंदी दिसतात. १ समोरचा संकेत ०००००४०९ असेल, तर पहिला कीबोर्ड अमेरिकी इंग्रजीचा. ०००००८०९ हा ब्रिटिश आणि ००००४००९ हा भारतीय इंग्रजीचा. हे आकडे तेथे अर्थातच रोमन अंकांत लिहायचे. बदल करण्यापूर्वी त्या भागाची प्रत ‘एक्सपोर्ट’ने जपून ठेवावी.

एक उलटा प्रसंगही ध्यानात घ्यायला हवा. पासवर्ड ठरवला तेव्हाच भलता कीबोर्ड चालू असेल, तर साठलेला ठसा त्या भलत्या अक्षरांचा असतो, आणि लॉगिनचा कीबोर्ड दुरुस्त होताच आजवर चालत आलेला पासवर्ड चालेनासा होतो. अशा वेळी यादीतून जुना कीबोर्ड एकदा निवडून आत जावे आणि मग कंट्रोल, ऑल्ट व डिलीट दाबून येणाऱ्या पडद्यावरून पासवर्ड बदलावा; तेथे जुना पासवर्ड जुन्याच कीबोर्डने टाइप करावा आणि नवा मात्र भाषा इंग्रजी करून. तोवर जुना कीबोर्ड यादीतून काढू नये.

कचेरीतील संगणकावर यातले काही करता आले नाही, तर ती आपली चूक नसते. वापरकर्त्याचे कीबोर्ड लॉगिनच्या पडद्याकडे जाऊ न देण्याचे एक धोरण विंडोजमध्ये आहे, आणि ते लावलेले असेल तर बदल संगणक विभागाकडूनच करून घ्यावा लागतो. तक्रार करताना ‘पासवर्ड चालत नाही’ असे लिहू नये, नाहीतर ते पासवर्ड बदलून देतील आणि अडचण जशीच्या तशी राहील. ‘लॉगिनच्या पडद्यावरचा कीबोर्ड अमेरिकी इंग्रजी करून द्यावा’ असे लिहावे.